खालच्या मळीतला पहिला घास

आमच्या गावाला नाव आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारा म्हणेल, अरे, तिथे तर माझ्या साडूचा फ्लॅट आहे, आणि मग मी सांगते ते गाव त्याला दिसणारच नाही, फ्लॅटच दिसेल. एवढंच सांगते की सोलापूरला चिकटून, सीनेला जाऊन मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठावर ते होतं.

'होतं' म्हटलं की आमच्या गल्लीतला गिरणीवाला चिडतो. तो करकंबकडून इथे आला, गिरणी घेतली आणि टिकला. मला म्हणतो, "बाई, गाव हाय की अजून! तुमी तर धरणात गेल्यागत बोलताय." बरोबर आहे त्याचं. पण धरणात गेलेल्या गावाचं एक बरं असतं, ते गेलं हे सगळ्यांना मान्य असतं. आमचं गाव गेलं नाही, ते शहरात आलं. त्यामुळे त्याच्यासाठी रडायचीही पंचाईत आहे. रडायला बसावं तर लोक म्हणतात, अहो, तुमच्या जागेला केवढा भाव आलाय!

मी या गावात लग्न होऊन आले ती मंगळवेढ्याकडून. तिकडे आमची जमीन काळी, ज्वारी सोन्यासारखी, पण नदीची अपूर्वाई. इथे आले तर घराच्या मागच्या दारातून नदी दिसायची. उन्हाळ्यात तिचं पात्र कोरडं पडायचं आणि बायका वाळूत हातानं झिरा उकरून त्यातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. मला आधी ते कंटाळवाणं वाटलं. मग लक्षात आलं की झिरा भरायला वेळ लागतो म्हणूनच सगळ्या तिथे येतात. जी गोष्ट घरात बोलता येत नाही ती झिऱ्यावर बोलता यायची. नव्या सुनेला याहून काय हवं?

माझं लग्न वैशाखात झालं आणि मार्गशीर्षाच्या अमावस्येला मी पहिली येळवस पाहिली. पुण्यामुंबईकडच्या लोकांना हा सण माहीत नसतो. कॅलेंडरवर बारीक अक्षरात वेळ अमावस्या असं छापलेलं असतं, तीच ही. त्या दिवशी सगळं गाव घरांना कड्या घालून रानात जातं. ज्वारी कणसाला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. रानात पाच दगड मांडलेले असतात, त्यांना पांडव म्हणायचं. त्यांना चुना आणि काव लावायची, वर कडब्याची खोप उभी करायची, नैवेद्य दाखवायचा. मग एकानं आंबिलीचं मडकं घेऊन रानाच्या कडेकडेनं ती शिंपत जायचं आणि आरोळी द्यायची, मागून येणाऱ्यानं तिला ओ द्यायची. ती आरोळी अर्धी कानडी, अर्धी मराठी. तिचा अर्थ मी शाळेत शिकवणारी बाई म्हणून अनेकांना विचारून पाहिला. कुणालाही सांगता आला नाही आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही.

हे आमच्या भागात सगळीकडेच होतं. आमच्या गावाची म्हणून एक वेगळी रीत होती. पहिला घास पाहुण्याचा. म्हणजे ज्याचं ते रान नाही, अशा बाहेरच्या माणसानं आधी जेवायचं, त्याच्यानंतर घरच्यांनी. पाहुणा मिळेपर्यंत घरातल्या कुणी, अगदी पोरांनीसुद्धा, तोंडात काही घालायचं नाही. आणि सगळं गावच रानात, प्रत्येकाला पाहुणा हवा, मग पाहुणे आणायचे कुठून? नदीच्या उतारावर माणसं उभी राहायची. जो कोणी पलीकडून पाण्यातून चालत येईल, तो बैल घेऊन येवो नाहीतर बायको घेऊन, त्याला दोन्ही बाजूंनी धरायचं. एकदा टपाल घेऊन येणाऱ्या माणसाला चार मळ्यांतून जेवू घातलं होतं. पाचव्या मळीत तो बिचारा हात जोडून खाली बसला, उठेचना. शेवटी त्याला बैलगाडीतून शहरात पोचवावं लागलं. टपाल दुसऱ्या दिवशी वाटलं.

माझ्या पहिल्या येळवसीला मी डोक्यावर पदर घेऊन खोपीच्या बाजूला बसले होते. आमचा कुणी पाहुणा अजून आला नव्हता. सासरे उतारावर उभे होते आणि दीर कुरकुरत होते. सासूबाई एकदम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आगं, ही हाय की! हिचं कुटं हाय हे रान? अजून पीक बी काढलं न्हाई हिनं." आणि त्यांनी बाजरीच्या पिठाच्या उकडलेल्या उंड्याचा तुकडा भज्जीत बुडवून माझ्या तोंडासमोर धरला. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानातल्या सगळ्या भाज्या, सोलाणे, तुरीचे दाणे, ताकात कालवलेल्या बेसनात एकत्र शिजवतात ती. मी लाजून मान फिरवली तर म्हणाल्या, "खा मुकाट्यानं. यंदा तू पाव्हणी. फुडल्या येळवशीपास्नं घरची."

तो घास मी खाल्ला आणि सगळे जेवायला बसले. पुढच्या वर्षी मी घरची झाले, म्हणजे पाहुणा येईपर्यंत उपाशी बसणाऱ्यांत मोडले. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

त्या काळी गावात पत्ता नावाची गोष्ट नव्हती. प्रत्येक जमिनीला नाव होतं. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. आमच्या दोन, वरची मळी आणि खालची मळी. त्यापलीकडे वाकडी पट्टी, मग चिंचेचं, मग बामणाचं, जिथे कुणी ब्राह्मण कधी राहिल्याचं कुणालाही आठवत नव्हतं. नवीन सुनेला आधी ही नावं पाठ करावी लागत. "चिंचेच्यात भाकरी पोचव" म्हटलं आणि सून भलतीकडे गेली तर वर्षभर तिची चेष्टा व्हायची. मी एकदा वाकडीत जायच्या ऐवजी पार मसणवट्यापर्यंत भाकरी घेऊन गेले होते. सासरे मरेपर्यंत त्यावरून मला चिडवायचे. म्हणायचे, "भाकरी जित्या माणसाला द्या बरं का, मास्तरीणबाई."

मग हद्दवाढीची बोलणी सुरू झाली. सोलापूरची हद्द वाढणार आणि आम्ही शहरात जाणार. काहींना वाटलं आता नळ येईल, काहींना वाटलं आता कर येईल. दोन्ही खरं ठरलं. कर लगेच आला, नळ सावकाश आला, आणि नळाला पाणी येतं का, हा आजही आमच्या गल्लीतला बोलण्याचा पहिला विषय आहे.

मोजणीची माणसं पहिल्यांदा आली ती नेमकी येळवसीच्या दिवशी. त्यांना सणाचं काही ठाऊक नव्हतं. गावात शिरले तर चिटपाखरू नाही, घरोघर कड्या. विचारायला माणूस सापडेना म्हणून ते साखळ्या आणि नकाशे घेऊन नदीकडे उतरले, आणि तिथे आमच्या लोकांच्या तावडीत सापडले. एकेका मळीत एकेक जण ओढून नेला. आमच्या वाट्याला चष्मा लावलेला एक तरुण साहेब आला. तो म्हणत होता, अहो मला हद्दीचे दगड बघायचेत. सासरे म्हणाले, "हे बगा की पाच दगड. बसा, आंबील घ्या." त्यानं पहिला घास खाल्ला आणि आम्ही सगळे जेवलो. जाताना तो दोन तांबे आंबील पिऊन, ढेकर देऊन, तोल सावरत गेला. ज्यांनी आमचं गाव मोजून शहरात टाकलं त्यांनाच आम्ही त्या दिवशी पोटभर जेवू घातलं. याचा मला पश्चात्ताप होत नाही. पाहुणा म्हणजे पाहुणा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्या शहरांच्या कडेला तेच होतं. ग्रामपंचायतीच्या पाटीवर रंग फिरला. जिल्हा परिषदेची आमची शाळा महापालिकेची झाली. मी त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर उभी होते, फक्त हजेरीपटावरचा शिक्का बदलला. उतारावर पूल झाला, त्यामुळे नदीतून चालत येणारं कुणी राहिलं नाही. पुलावरून जाणारा माणूस गाडीवर असतो, त्याला धरता येत नाही. शहराचं सांडपाणी नदीत आलं आणि झिरे बुजले. वाकडी पट्टी, चिंचेचं, बामणाचं यांचे प्लॉट पडले आणि त्यांना कुठल्या कुठल्या देवांची आणि पुढाऱ्यांची नगरं म्हणू लागले. सासू-सासरे गेल्यावर दिरांनी वाटणी मागितली, आणि वरची मळी गेली. तिथे आता सात मजल्यांची इमारत आहे. लिफ्ट आहे, दारात खुर्ची टाकून बसलेला वॉचमन आहे.

खालची मळी मात्र राहिली. लोक म्हणतात, बाईंनी राखली. कौतुक ऐकायला कुणाला नको असतं, मीही गप्प बसते. खरं सांगायचं तर ती विकलीच गेली नसती. ती पूररेषेत आहे, तिथे बांधकामाला परवानगी मिळत नाही. इमारतीच्या मागच्या भिंतीच्या आणि नदीच्या मध्ये एक चिंचोळा तुकडा, त्यात बोरीचं एक झाड आणि आमचे पाच पांडव. मी तिथे थोडा हरभरा टाकते. भिंतीमुळे सरळ जायची वाट बंद झाली आहे. पूल उतरून, पंपघराला वळसा घालून, जुन्या पाणंदीनं जावं लागतं. एवढं लांब फिरून तिथे जाणारी मी एकटीच.

यजमान गेल्यावर येळवशी अवघड होत गेल्या. मुलगा पुण्याला असतो. सुरुवातीची वर्षं तो यायचा, मग अमावस्या कधी सोमवारी तर कधी बुधवारी यायला लागली. अमावस्येचं काय, ती पूर्वीही तशीच यायची. तो मला म्हणतो, "आई, तू घरीच नैवेद्य दाखव ना. कुणासाठी एवढं करतेस?" मी त्याला उलट जेवलास का असं विचारते. गावातली जुनी घरं हळूहळू शहरात आत सरकली किंवा संपली. ज्यांना आरोळीला ओ देता येते अशी माणसं आता दोन्ही हातांच्या बोटांवरही भरणार नाहीत. पहिल्या घासाला एखाद्या वर्षी शाळेतली शिपाईण यायची, एखाद्या वर्षी भाजीवाली. मागच्या वर्षी कुणीच मिळालं नाही तेव्हा मला मळीत सोडायला आलेल्या रिक्षावाल्यालाच बसवलं. तो भला माणूस, जेवला, पण सारखा घड्याळाकडे बघत होता. आम्ही दोघंच, पाच दगड, आणि नदीचा वास. त्या दिवशी घरी आल्यावर मी ठरवलं, आता बास. पुढच्या वर्षी घरीच करायचं.

यंदा मात्र गिरणीत एक गोष्ट घडली. मी ज्वारी-बाजरीचं दळण घेऊन उभी होते. मागे इमारतीतली एक बाई होती, पस्तिशीची, मूळची शहरातल्या विणकर वस्तीतली. तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे. आमची ओळख गिरणीपुरतीच, एकमेकींना नंबर धरून ठेवण्याची. तिनं विचारलं, "मावशी, एवढं पीठ कशाला? लगीन हाय का घरात?" मी सांगितलं, येळवस. मग सगळंच सांगत बसले, पांडव, खोप, आंबील. तिचं दळण होऊन गेलं तरी ती हलेना. म्हणाली, "आमच्या बिल्डिंगीत कुणी बगितलंच न्हाई हे असलं. आमी येऊ का मावशी?"

आम्ही येऊ का! गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "या की. एकटी नका येऊ, सगळ्यांना आणा. खालच्या मळीत, पांडवापाशी. बारा-साडेबारापर्यंत या." ती म्हणाली, "ग्रुपवर टाकते." दुसऱ्या दिवशी इमारतीच्या जिन्यावरून ओरडून तिनं सांगितलं की बरेच जण येणार आहेत, तिची सासूसुद्धा.

मग मी काय केलं असेल? पूर्वीच्या मापानं स्वयंपाक केला. दोन दिवस आधी आंबील आंबायला घातली. तूर सोलली, हरभरा सोलला, मोठं पातेलं माळ्यावरून काढायला गिरणीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, गाव जेवणार दिसतंय." मी म्हटलं, "जेवणारच. तूही ये." तो गिरणी सोडून कसा येणार, पण बोलावणं महत्त्वाचं. पहाटे उठून उंडे उकडले, खीर केली, शेंगाच्या पोळ्या केल्या. कंबर धरली होती, पण मी गाणं म्हणत होते. गाणं म्हणताना माझं मलाच हसू आलं. इतके दिवस मला एकटं वाटत होतं हे मला त्या पहाटे नीट कळलं, कारण ते वाटायचं थांबलं होतं.

रिक्षानं सामान मळीत पोचवलं. फोन घरीच ठेवला. येळवसीला रानात फोन कोण नेतं? सगळी तर तिथेच येणार. पांडवांना चुना लावला, कावेचे पट्टे ओढले. बाजारातून आणलेल्या कडब्याची लहानशी खोप केली. बोरीखाली पोती अंथरली, पत्रावळींवर दगड ठेवले, आणि बसले.

बारा वाजले, साडेबारा वाजले. भिंतीपलीकडे इमारतीच्या गॅलऱ्या दिसत होत्या, वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू येत होत्या. इतक्या जवळ माणसं होती. मला वाटलं, आवरत असतील, शहरातल्या माणसांना वेळ लागतो. एक वाजला. नैवेद्य दाखवून झाला होता. भज्जीवर साय धरायला लागली. मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

दीडच्या सुमाराला पुलाच्या खालच्या अंगाला एक माणूस स्कूटर लावून उतरला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, देवाचं निर्माल्य असणार. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, एक तरी पाहुणा मिळाला. मी उठून जोरात हाक मारली, "अहो! इकडे या! इकडे!" आणि हातानं बोलावलं. त्याला वाटलं, नदीत पिशवी टाकतोय म्हणून ही बाई अंगावर येतेय. त्यानं पिशवी तिथेच टाकली, स्कूटरला किक मारली आणि जो सुटला तो मागे वळूनही बघितलं नाही. मी ओरडत होते, "अहो, जेवायला या!" आमच्या गावात जेवायला बोलावल्यावर पळून गेलेला तो पहिला माणूस असेल. मी हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. कुणी बघायला नव्हतं म्हणून पुसलंही नाही.

मला त्यांचा राग आला होता. त्या गिरणीतल्या बाईचा जास्त. यायचं नव्हतं तर विचारलं कशाला? मी काय गळ्यात पडले होते? बसल्या बसल्या तिला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. मग रागही दमला. ऊन कलायला लागलं तशी मी मडकं उचललं आणि रानाच्या कडेनं आंबील शिंपायला निघाले. रान कसलं, अंगणाएवढा तुकडा. आरोळी द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. ती एकट्यानं द्यायची नसतेच. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. मी नुसतीच शिंपत फिरले, आणि त्यालाही काही वेळ लागला नाही.

चार वाजता रिक्षा आली. भरलेली पातेली तशीच परत चढवली. हा रिक्षावाला मागच्या वर्षीचा नव्हता; त्याला जेव म्हटलं तर म्हणाला, "आज अमुशाचा उपास हाय, बाई."

घरापाशी आले तर माझ्या ओट्यावर ती बाई बसलेली. चेहरा उन्हानं लाल, हातात स्टीलचा डबा. मला बघताच ती उसळून उठली. "मावशी, कुटं होता तुमी? आमी बारा वाजल्यापास्नं हुडकतोय! फोन लावून लावून बॅटरी संपली माजी!"

मी तिच्यावरच ओरडणार होते, पण ती थांबेचना. सगळे आले होते. बायका, पोरं, दोन म्हाताऱ्या. माझ्या दाराला कुलूप. खालची मळी कुठे म्हणून त्यांनी गिरणीत विचारलं. गिरणीवाल्याला ठाऊक नव्हतं. चहावाल्याला विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं, मेडिकलमध्ये विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. पांडवाचं देऊळ कुठाय म्हणून विचारलं, तर कुणीतरी त्यांना पार रस्त्यापलीकडच्या विठोबाच्या देवळात धाडलं. फोनच्या नकाशात खालची मळी घातली, तर तो वैरागच्या बाजूला चला म्हणाला. मग थकून सगळे परतले.

मी डोक्याला हात लावला. खालची मळी कुठे आहे हे कुणाला सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. सूर्य कुठे उगवतो ते कुणी सांगतं का? ज्या गावात मी स्वतः ही नावं पाठ केली, चुकले म्हणून चेष्टा सोसली, तिथे आता ती नावं ठाऊक असलेली बहुतेक मी एकटीच राहिले होते, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

"अगं, तुमच्याच बिल्डिंगीच्या मागे," मी म्हटलं. "भिंतीपलीकडे. बोरीचं झाड आहे बघ."

"अय्यो! ते तर आमच्या गॅलरीतनं दिसतंय की! सकाळी तितं एक बाई दगडाला रंग देत होती. मी सासूला दाकवली. मला वाटलं, कुणी नवस फेडतंय." आणि मग तिचं तिलाच समजलं. तिनं माझा हात धरला. तिचा हात घामेजला होता. "मावशी, चला वर. सगळी थांबल्यात. तुमचं जेवण जेवायचं म्हणून कुणी जेवलं न्हाई अजून."

कुणी जेवलं नव्हतं. मी उपाशी खाली आणि ती उपाशी वर, मधे एक भिंत.

पातेली लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेली. मी त्या इमारतीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकायचं नाही असं ठरवलं होतं म्हटलं तरी चालेल. तिच्या घरात खुर्च्या भिंतीला सरकवून जमिनीवर चादरी अंथरल्या होत्या आणि माणसं दाटीनं बसली होती. गॅलरीच्या दारातून मी खाली बघितलं. बोरीचं झाड, आणि त्याच्याखाली चुन्याचे पाच पांढरे ठिपके. मग मी पायाखालच्या फरशीकडे बघितलं. विहीर त्या कोपऱ्याला होती, जिथे दुसरी इमारत आहे. म्हणजे हे आमचं खळं. इथे बैल फिरायचे, इथे सासूबाई सूप घेऊन वाऱ्याला उभ्या राहायच्या. मी आमच्या वरच्या मळीतच उभी होते, चार मजले उंच.

पत्रावळी वाढून झाल्या. भूक सगळ्यांच्याच डोळ्यांत दिसत होती, पण माझ्याकडे बघत थांबले होते. मी उंड्याचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि त्या बाईच्या सासूपुढे धरला. सगळ्यांत मोठी तीच होती. म्हातारी बारीक अंगाची होती, आयुष्यभर विड्या वळून बोटं वाकडी झालेली. मी म्हटलं, "आमच्या गावाची रीत आहे. ज्याचं हे रान नाही, त्यानं आधी खायचं. पहिला घास पाहुण्याचा."

म्हातारीला मराठी सावकाश कळायची. तिनं सुनेला तेलुगूत विचारलं, सुनेनं तिला तेलुगूत सांगितलं. म्हातारी विचारात पडली. तिनं एकदा खोलीभर नजर फिरवली, आपलं घर, आपली सून, आपले शेजारी. मग अगदी सरळ मनानं तिनं माझा हात वळवून माझ्याच तोंडाकडे नेला.

"मग तुमी घ्या की, अम्मा," ती म्हणाली. "हे घर आमचं. पाव्हणं तर तुमीच."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नव्हतंच. रीत माझी आणि तिनं ती बरोबर ओळखली होती. आमच्याच मातीच्या वर, त्याच उंड्याचा, त्याच भज्जीतला घास. त्या वेळी डोक्यावर पदर होता आणि समोर सासूबाई होत्या. मधे सगळा संसार होऊन गेला होता.

मी तोंड उघडलं आणि घास घेतला. तो गिळेपर्यंत सगळे थांबले आणि मग एकदम जेवायला लागले.

सासूबाईंनी घास भरवून झाल्यावर म्हटलं होतं, पुढच्या येळवशीपासून तू घरची. मी म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला ते पुढचं वाक्य ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तिनं आपली वाटी माझ्यापुढे केली.

"आंबील वाढा की," ती म्हणाली.